मोर्तादेल्लाकडे बघणारा संत

बोलोन्यात त्या काळी संतांना काही तोटा नव्हता. चर्चच्या भिंतीवर संत, चौकातल्या कोनाड्यात संत, खाटकाच्या पाटीवरसुद्धा संत. जितीजागती माणसं मात्र तुमच्याआमच्यासारखीच होती, आणि त्यांतलाच एक विताले हमाल. कालव्याच्या धक्क्यावर वाखाचे गठ्ठे वाहायचा. उंच, वाळलेला, गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. पोटभर जेवून उठला तरी आठवडाभर अन्न न दिसल्यासारखा दिसायचा. बायको जेंतीले म्हणायची, याला वाढणं म्हणजे चाळणीत पाणी ओतणं. या उपाशी तोंडानेच त्याला एक जोडधंदा मिळवून दिला, आणि त्या जोडधंद्याने त्याला एकदा गलबतावर वल्ही मारायला पाठवायची वेळ आणली.

लातांझिओ मास्तरांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते कमानींखालच्या वाटेच्या तोंडाशी. मास्तर म्हणजे शहरातले नावाजलेले चित्रकार. चर्चमध्ये वेदीवर लावायची मोठमोठी चित्रं त्यांच्याकडून जायची, आणि हाताखाली आठदहा शिकाऊ असायचे. वितालेच्या पाठीवर गठ्ठा होता आणि तो मान वर करून, एक हात छातीशी धरून, जागच्या जागी थिजला होता. वरच्या खिडकीत एक बाई मोरीच्या पाण्याची बादली घेऊन आली होती, आणि ती आत्ता ओतते की जरा थांबून, याचा तो अंदाज घेत होता. मास्तरांना त्यात स्वर्गाकडे लागलेली दृष्टी दिसली. असाच तासभर उभा राहशील का, असं त्यांनी तिथल्या तिथं विचारलं. वितालेने विचारलं, गठ्ठ्यासकट की गठ्ठ्याशिवाय?

चित्रशाळेत गेल्यावर एक गोष्ट त्याच्या लवकर लक्षात आली. चित्रातले संत तोंडापेक्षा हातांनीच जास्त बोलतात. मास्तरांकडे त्याची यादीच होती: शरणागती, पश्चात्ताप, वैराग्य, दर्शन. ही नावं ते इतक्या खोल आवाजात घ्यायचे की विताले पहिले काही दिवस भेदरूनच गेला. मग त्याने आपल्या सोयीची नावं ठेवली. दोन्ही हात छातीवर आडवे ठेवले की ते ‘खिसा चाचपणं’, कारण बाजारच्या गर्दीत शिरताना माणूस नेमकं तेच करतो. तळवा पुढं करून मान फिरवली, म्हणजे ऐहिक सुखाला पाठ दाखवली, की ते ‘बास, वाढू नकोस’. बोटांत बोटं गुंतवून हनुवटीखाली धरली, रडणाऱ्या संत पेत्रोसारखी, की ‘पत्त्यात हरलो’. आणि आभाळातून उतरणारे दैवी किरण झेलायला दोन्ही बाहू पसरले की ‘सोड गठ्ठा’. शिकाऊंना हीच नावं सोपी पडली. मास्तरांची पाठ वळली की मागणी सुरू व्हायची, जरा ‘सोड गठ्ठा’ दे रे, माझा खांदा चुकलाय.

इतरांच्या हाताला कळ लागायची, म्हणून छताला दोरीचा फास टांगलेला असायचा. त्यात मनगट अडकवून ठेवायचं. वितालेला फास कधी लागला नाही. वाळूचं घड्याळ दोनदा उलटं केलं तरी त्याचा हात ढळायचा नाही आणि पापणी लवायची नाही. बायकांना समोर बसवून चित्र काढणं बदनामीचं, त्यामुळे संतिणींचे हातसुद्धा त्याच्याच गळ्यात पडले. शहरातल्या तीन वेद्यांवर पापं आठवून रडणाऱ्या माग्दालेनाचे जे लोण्यासारखे हात आहेत, ते वाख वाहून घट्टे पडलेल्या हमालाचे आहेत. मास्तरांनी घट्टे तेवढे गाळले.

मग आलं संत फ्रांचेस्कोचं काम. धक्क्याजवळच्या छोट्या चर्चला वेदीवर हा संत हवा होता, गुडघे टेकलेला, नजर वर लागलेली. वितालेने त्यासाठी दाढी वाढवली. मास्तरांनी लाल खडूने कागदामागून कागद रंगवले आणि फाडले. म्हणाले, ही नजर पाणी चुकवणाऱ्याची आहे, मला ओढ हवी, ओढ. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाचे दिवस होते. शहरात मांसाला बंदी, आणि विताले चौथ्या आठवड्यातही घेवडा आणि चेस्टनटच्या पिठाची भाकरी यांवर गठ्ठे ओढत होता. मास्तर खाली तळघरात गेले आणि उशीएवढी मोर्तादेल्ला घेऊन आले. डुकराचं मांस बारीक कुटून, चरबीचे पांढरे तुकडे आणि मिरे घालून शिजवलेली, अख्खी. ती त्यांनी दोरीचा फास काढून त्याच हुकाला टांगली.

देव भावाचा भुकेला असतो म्हणतात. विताले नुसताच भुकेला होता, भाव त्यातून आपोआप आला. डोळे वर गेले आणि तिथंच राहिले. ओठ विलग झाले. कंठाची गाठ एकदा वर जाऊन खाली आली. हात आपणहून छातीवर आडवे पडले आणि डावा अंगठा मात्र उभा राहिला, काहीतरी पकडायच्या बेतात असल्यासारखा. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन दिवस ते एकदाही ओरडले नाहीत, नुसते काढत राहिले. चौथ्या दिवशी हूक रिकामा होता. वितालेने मांजरावर आळ घेतला. त्या घरात मांजर नव्हतं.

एक कागद एका कडेला फिसकटला होता, तो मास्तरांनी कोपऱ्यात भिरकावला. पूर्वी कधी कागद टाकून दिलेला पाहिला की वितालेला वाईट वाटायचं, हा तर स्वतःचाच. त्याने तो घरी नेला. चित्रात तो चड्डीवर होता, कारण झगा मास्तर नंतर चढवायचे. जेंतीले बघून म्हणाली, तोंड कोणाचं आहे ठाऊक नाही, पण गुडघे तुझेच. मग तिने तो पिठाच्या बरणीच्या तोंडावर बांधला. कागद चांगला जाड होता.

चित्र वेदीवर चढलं त्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की चाळीस दिवस उपास केला तेव्हा संताने स्वप्नात येऊन आपला चेहरा दाखवला. बायका ढसाढसा रडल्या. मेणबत्त्यांनी वेदी झाकून गेली. त्याआधी मास्तरांनी वितालेला बाजूला घेऊन बजावलं होतं, आजच दाढी काढ, पुन्हा वाढवू नकोस, आणि तोंड बंद ठेव. वितालेला त्यात काही गैर वाटलं नाही. गुळगुळीत दाढी केलेला हमाल बारा वर्षं आपल्याच चित्राखालून ये-जा करत राहिला आणि कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

तेराव्या वर्षी दुसऱ्या गावाहून मागणी आली, आम्हालाही तस्साच संत हवा. वितालेने पुन्हा दाढी वाढवली. दाढी आली, गालफडं होतीच, पण डावा अंगठा काही जमेना. वर केला तर ताठ, सोडला तर मेल्यासारखा. मास्तर आता म्हातारे आणि चिडके झाले होते. त्यांनी खडू फेकला आणि ओरडले, "जा, जाऊन स्वतःला बघून ये, आणि शीक काहीतरी त्याच्याकडून."

हुकूम तो हुकूम. दुसऱ्या दिवशी सकाळी, धक्क्यावर जायच्या आधी, विताले चर्चमध्ये गेला आणि चित्रासमोर गुडघे टेकून बसला. चित्रातल्यासारखे हात बांधले, चित्रातल्यासारखी मान कलती केली, आणि त्या अंगठ्यावर नजर रोखली. हळूहळू जमायला लागलं. जमलं तसा तो सवयीने थिजला. कोणी ‘झालं’ म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, हे अंगात इतकं मुरलं होतं की तिथं ‘झालं’ म्हणायला कोणी नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ओर्सोलिना नावाची म्हातारी रोज सकाळी तिथं दातदुखीसाठी मेणबत्ती लावायची. तिने पाहिलं, वर एक संत फ्रांचेस्को, खाली एक संत फ्रांचेस्को. तीच दाढी, तेच गाल, तेच हात, अंगठ्यासकट. खालचा पापणी हलवत नव्हता. ती मटकन खाली बसली, आणि बसताना तिची दाढ बाकाच्या कडेवर आपटली की काय कोण जाणे, पण दुखायची थांबली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. तिने बाहेर जाऊन सांगितलं, धक्क्यावरच्या हमालावर संताचं रूप उतरलंय आणि माझी दाढ त्याने बरी केलीय.

अर्ध्या तासात चर्च भरलं. वितालेला मागून कुजबुज ऐकू आली, पण ती त्याने कानाआड केली, कारण मास्तरांकडे शिकाऊ कायम कुजबुजतच असायचे. मग कोणीतरी कातरीने त्याच्या कोटाचा तुकडा कापला. तेव्हा तो भानावर आला आणि उठून पळत सुटला. लोकांनी त्याचाही अर्थ लावला, केवढी नम्रता. घरी पोचेपर्यंत कोटाच्या मागच्या बाजूचा निम्मा भाग आशीर्वाद म्हणून वाटला गेला होता.

जेंतीलेने कोट उलटसुलट करून पाहिला. "चांगला लोकरीचा कोट होता," ती म्हणाली. "संत झालास तर नागडा व्हायच्या आत मला सांग."

आठवडाभर दाराशी रांग. कोणाचं पोट, कोणाची गाय, कोणाचा परागंदा नवरा. विताले हात जोडून सांगायचा, अहो मी हमाल आहे. हात जोडलेले बघून लोक अजूनच खाली वाकायचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठव्या दिवशी धर्मचौकशीचे शिपाई आले आणि त्याला घेऊन गेले.

त्या काळात पाप करणं फारसं अवघड नव्हतं, निस्तरताही यायचं. संत नसताना संत असल्याचं सोंग करणं ही मात्र वेगळी बाब होती. त्याला तुरुंग होता, आणि माणूस खांद्याने मजबूत असला तर पोपच्या गलबतावर सात वर्षं वल्ही. वितालेचे खांदे सगळ्यांना दिसत होते. सात वर्षांनी कोणी परत आल्याचं जेंतीलेने ऐकलं नव्हतं.

चौकशीला फादर तेओफिलो बसले होते. सत्तरीचे, एका पायाला संधिवात, तो पाय स्टुलावर उशी ठेवून तिच्यावर. शेजारी लिहून घेणारा कारकून. फादरांनी विचारलं, "तू संत आहेस का?"

"नाही फादर. हमाल."

"मग तासभर पापणी न हलवता काय चाललं होतं?"

"अंगठा बघत होतो."

कारकुनाची लेखणी थांबली. मग वितालेने सगळं सांगितलं, मास्तर, लाल खडू, खिसा चाचपणं, सोड गठ्ठा. हुकाला काय टांगलं होतं ते तेवढं गाळलं. मास्तरांना बोलवा, ते सांगतील, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. अगदी निर्धास्तपणे म्हणाला, कारण वीस वर्षं त्या माणसापुढं त्याने गुडघे झिजवले होते.

मास्तर आले. उंची झगा, छातीवर सोन्याची साखळी. फादरांनी विचारलं, या माणसावरून तुम्ही संताचं चित्र काढलंत का? मास्तर म्हणाले, तो चेहरा मला स्वप्नात मिळाला, हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. मग याला ओळखता का? मास्तरांनी वितालेकडे न बघता सांगितलं, कधीमधी फळ्या उचलायला येत असेल. तुमच्यापुढे हा कधी हात बांधून बसला होता का? मास्तरांनी दोन्ही हात छातीवर आडवे ठेवले, डोळे वर केले आणि म्हणाले, देवाशपथ नाही.

वितालेला आधी राग आला नाही. त्याच्या सराईत डोळ्याला पहिल्यांदा दिसलं ते हे, की मास्तरांचे कोपर फार वर गेलेत, आणि असे कोपर शिकाऊंनी काढले असते तर त्यांनी कागद फाडला असता. मग त्याला समजलं की आपण बुडालो. फादर म्हणाले, म्हणजे चित्र बघून बघून तू ते सोंग शिकलास. त्याला खालच्या कोठडीत नेऊन टाकलं.

जेंतीले दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या दारात गेली. दार उघडलं नाही. ती तिथं रडली नाही, घरी येऊन रडली. पोळीला पीठ घ्यायला म्हणून बरणीकडे गेली आणि दोरा सोडता सोडता थांबली. बरणीवर गुडघे होते. कागद बारा वर्षं रोज हातात येत होता, म्हणूनच तो डोळ्यांना दिसेनासा झाला होता. तिने त्यावरचं पीठ झटकलं, तो छातीशी धरला आणि तशीच चौकशीच्या कचेरीत गेली. तिला बाईमाणूस म्हणून बाहेर थांबवलं. ती दारातच बसून राहिली, आत जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्यावरून पाय टाकून जावं लागेल अशी. तिसऱ्या दिवशी फादर तेओफिलोंना संधिवाताच्या पायाने तिला ओलांडता येईना, म्हणून त्यांनी तिला आत घेतलं.

वितालेलाही वर आणलं. कागद टेबलावर पसरला. तेलाचे डाग, बरणीच्या तोंडाचा गोल वळ, आणि मधोमध चड्डीवर गुडघे टेकलेला विताले, हात छातीवर, अंगठा उभा. वर हुकाला मोर्तादेल्ला, चरबीच्या ठिपक्यांसकट. मास्तर जे दिसेल ते काढायचे, त्यांचा हात तेवढा प्रामाणिक होता. खाली कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात दोन ओळी होत्या. जेंतीलेला वाचता येत नव्हतं, वितालेलाही नाही. बारा वर्षं त्या ओळींना दोघांनी नक्षी समजून सोडून दिलं होतं.

फादरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "उपासाचा चौथा आठवडा. अंगठा जरा वर. मोर्तादेल्ला नवी आणणे, ही गाढवाने खाल्ली."

जेंतीलेचा चेहरा पांढरा पडला. सोंगातून सोडवायला आणलेल्या कागदाने नवऱ्याला उपासात मांस खाण्याच्या गुन्ह्यात अडकवलं होतं. आगीतून काढून फुफाट्यात, आणि तेही स्वतःच्या हाताने. तिची भीती तेवढ्यावर थांबत नव्हती. त्या मोर्तादेल्लाची निम्मी तिने खाल्ली होती. दाराला कडी लावून, खिडकीला पोतं लावून, दोघांनी चुलीपाशी बसून खाल्ली होती, आणि सबंध लग्नात त्यांनी इतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं.

"हे गाढव म्हणजे तू?" फादरांनी विचारलं.

"मीच, फादर."

"उशीएवढी दिसतेय. सगळी एकट्याने?"

जेंतीलेने तोंड उघडलं. विताले तिच्याकडे न बघता घाईने म्हणाला, "एकट्याने. फार भूक होती."

फादरांनी त्याच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं, मग जेंतीलेकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. उशीएवढी मोर्तादेल्ला एका माणसाच्या पोटात जात नाही, हे बोलोन्यात धर्माधिकाऱ्यांनाही कळतं. पण त्यांनी पुढं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "ठीक. आता देवाची क्षमा माग. माझ्यासमोर, मोठ्याने."

विताले गुडघ्यांवर आला आणि अडला. हात छातीवर नेले, ते खिसा चाचपणं झालं. खाली घेतले. बोटांत बोटं गुंतवली, ते पत्त्यात हरणं झालं. तळवे जोडले, तो संत जोवान्नी झाला. हाताला कुठंही ठेवलं की तिथं आधीच कोणीतरी संत बसलेला असायचा. वीस वर्षांत त्याने भक्तीचा एकही हावभाव स्वतःसाठी शिल्लक ठेवला नव्हता. शेवटी त्याने दोन्ही हात पाठीमागं बांधले, धक्क्यावर मुकादमापुढं उभा राहायचा तसे, नजर जमिनीवर टाकली आणि म्हणाला,

"देवा, खाल्ली. चांगली होती."

आणि मग त्याने पुढं जोडलं, "वल्हं मारायला पाठवू नकोस. घरी ती एकटी आहे."

कारकून हसू दाबायला लागला. फादर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, चाळीस वर्षं मी ढोंगी माणसं तपासतोय, इतकी वाईट प्रार्थना त्यांतल्या एकालाही जमली नव्हती. सोंगाचा आरोप त्यांनी तिथंच खोडून टाकला. मोर्तादेल्लासाठी बारा शुक्रवार अनवाणी चालायची शिक्षा दिली. आणि एक हुकूम लिहून दिला: यापुढे वितालेने कोणत्याही चर्चमध्ये हात छातीवर, कपाळावर किंवा आभाळाकडे नेऊ नयेत, जोडू नयेत, पसरू नयेत. आत्ता होते तसे पाठीमागं ठेवावेत. जनतेच्या मनात घोटाळा नको.

कारकुनाने विचारलं, आणि त्या वेदीवरच्या चित्राचं? फादर म्हणाले, लोक त्याच्यापुढं रडतात आणि हलके होऊन घरी जातात. तो कशाकडे बघतोय ते चित्रात आलेलं नाही, तेवढं पुरे आहे. त्यांनी कागदाची घडी घालून कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. जेंतीले तोवर सावरली होती. तिने विचारलं, मग माझ्या बरणीला काय लावू? फादरांनी इकडंतिकडं शोधून तिला एक जुना जाड कागद दिला. उपासाचे नियम छापलेलं पत्रक होतं ते.

मास्तरांनी वितालेला परत बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तो गेला नसता. गद्दारी तो विसरला, पण ते कोपर विसरला नाही. मास्तरांनी पुढं पुष्कळ संत रंगवले. आमच्या इकडं अजून आहेत ते, जाऊन बघा. सगळे दातदुखीने बेजार झाल्यासारखे वर बघतात.

पाच वर्षं गेली. शहरात तापाची साथ आली आणि जेंतीले पडली. सातव्या दिवशी तिने त्याला ओळखलं नाही. वैद्याने खांदे उडवले. शेजारीण तिच्यापाशी बसली आणि वितालेला म्हणाली, इथं बसून हुंदके देण्यापेक्षा चर्चमध्ये जा. तो गेला. त्याच वेदीसमोर, त्याच दगडावर गुडघे टेकले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरोखर काहीतरी मागायचं होतं आणि हुकूम होता. त्याने हात पाठीमागं बांधले. टोपी त्या हातांत चुरगळून गेली. मान वर करायची त्याला लाज वाटत होती.

शेजारी ओर्सोलिना म्हातारी येऊन बसली. डोळ्यांत आता फूल पडलं होतं, माणसं ओळखू येत नव्हती, आकार तेवढे दिसायचे. मागं हात बांधून बसलेला आकार बघून तिचं डोकं फिरलं. काठीने त्याच्या कोपराला ढोसत ती म्हणाली, "अरे मेल्या, देवासमोर कसं बसतात कळत नाही? वर बघ त्या संताकडे. शीक जरा. त्याला म्हणतात हात जोडणं."

वितालेने वर पाहिलं. सतरा वर्षांपूर्वीचा तो तिथं गुडघ्यांवर होता. अंगावर झगा, भोवती सोनेरी उजेड, अंगठा उभा, आणि डोळ्यांत ती ओढ. भुकेचीच होती, पण खरी होती. त्या ओढीतल्या घासातला निम्मा कोणाच्या तोंडात गेला ते फक्त त्या दोघांना माहीत होतं. विताले बराच वेळ बघत राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात मागं असल्यामुळे पुसता येत नव्हतं.

"तूच सांग बाबा वरती," तो पुटपुटला. "तुझे हात मोकळे आहेत."

ताप दोन दिवसांनी उतरला. कोणामुळे उतरला यावर गल्लीत दोन मतं होती, वैद्याचं एक आणि ओर्सोलिनाचं एक. जेंतीलेने डोळे उघडले, नवऱ्याला बघितलं, तोंडाची चव गेलीय म्हणाली, आणि पहिलं काय मागितलं तर मोर्तादेल्लाचा एक तुकडा. आजाऱ्याला सूट असते, पण त्याला वैद्याची आणि पाद्रीची अशा दोन चिठ्ठ्या लागतात. उपासाचा चौथा आठवडा चालू होता. वितालेने चुरगळलेली टोपी डोक्यावर घातली आणि चिठ्ठ्यांची वाट न बघता आणायला गेला.